कुंडी किती दिवसांत वाळते? बेळगाव सीमाभागातले कॅक्टस आणि सक्युलंट

कॅक्टसला पाणी किती दिवसांनी घालायचं, हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि नेमकं त्यालाच एका आकड्यात उत्तर नाही. 'आठवड्यातून एकदा' हे उत्तर मे महिन्यात अथणीत कमी पडतं आणि जुलैत खानापुरात तेच झाडाच्या जिवावर उठतं. जिल्हा एक, पण पाऊस तीन तऱ्हेचा. कणकुंबीच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी हजारो मिलिमीटर कोसळतो, बेळगाव शहरात साधारण १२०० ते १३००, आणि अथणी-रायबागकडे जेमतेम ५०० ते ६००. पुण्या-मुंबईच्या नर्सरीवाल्यानं सांगितलेलं वेळापत्रक यातल्या एकाही ठिकाणी जसंच्या तसं लागू पडत नाही.

खरा प्रश्न असा आहे की, भरपूर पाणी घातल्यावर कुंडी तळापर्यंत वाळायला किती दिवस घेते? चार इंची कुंडीला उन्हाळ्यात ३ ते ५ दिवस आणि भर पावसाळ्यात फार तर ८ दिवस, एवढं जमलं तर बहुतेक झाडं तगतात. पावसाळ्यात हाच आकडा १२-१५ दिवसांवर गेला तर मूळ कुजणार, आज नाही तर महिन्यानं. मोजायची रीत सोपी आहे. बांबूची बारीक काडी कुंडीच्या कडेनं तळापर्यंत खुपसायची, पाच मिनिटांनी काढायची. काडी गडद झाली, हाताला गार लागली किंवा तिला मातीचे कण चिकटून आले, तर आत ओल आहे. स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर आणखी बरं. पाणी निथळल्यावर एकदा वजन घ्यायचं आणि मग रोज. वजन उतरायचं थांबलं की कुंडी कोरडी. एकदा आषाढात आणि एकदा चैत्रात हे करून बघितलं की पुढं नुसती कुंडी उचलूनच अंदाज येतो.

एवढा आटापिटा मुळांसाठी आहे. मुळांनाही श्वास लागतो. मातीतल्या पोकळ्या दिवसेंदिवस पाण्यानं भरलेल्या राहिल्या की प्राणवायू संपतो, पाणी ओढणारी बारीक तंतुमुळं गुदमरतात, आणि मेलेल्या मुळांवाटे फ्युझेरियम किंवा फायटॉप्थोरासारखे कुजवणारे रोग आत शिरतात. कोरड्या काळात मात्र हीच तंतुमुळं झाड आपण होऊन टाकून देतं आणि पाणी मिळालं की काही दिवसांत नवी काढतं. दुष्काळ त्याच्या हिशेबात धरलेला आहे, झड धरलेली नाही.

रात्रीचाही एक मुद्दा आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. कॅक्टस आणि बरीचशी सक्युलंट (पानांत किंवा खोडात पाणी साठवणारी झाडं) ती रात्री उघडतात, घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा छिद्रं मिटून, उन्हाच्या जोरावर त्याची साखर करतात. त्यामुळे पाणी फार कमी उडतं. ही व्यवस्था रात्र गार आणि हवा खेळती असेल तर उत्तम चालते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे आणि इथल्या रात्री कोकणापेक्षा बऱ्याच गार असतात. कोकणात रडतखडत जगणारी एचेव्हेरिया (गुलाबाच्या फुलासारखी पानं रचलेलं सक्युलंट) इथं अंग धरते, ती त्यामुळेच. खिडक्या बंद केलेल्या खोलीत किंवा चारी बाजूंनी झाकलेल्या शेडमध्ये हा फायदा आपण हातानं घालवतो.

काटा दिसला म्हणजे कॅक्टस नव्हे

बांधावरचा शेर, माळावरचा तीनधारी निवडुंग आणि नर्सरीत लाल-गुलाबी फुलांनी भरलेला काटेरी युफोर्बिया, यातलं एकही कॅक्टस नाही. ही तिन्ही युफोर्बिया कुळातली. कॅक्टस ओळखायची खूण काटा नसून काट्याच्या बुडाशी असलेली बारीक गादी आहे, तिला अरिओल म्हणतात. फड्या निवडुंगाचं एक पान जवळ घेऊन पाहा (ते खरं तर चपटं झालेलं खोड असतं). अंतरा-अंतरावर डाळीच्या दाण्याएवढे ठिपके दिसतील, त्यांवर करडी किंवा तपकिरी लोकर असते. मोठे काटे त्या लोकरीतून निघतात, त्यांच्याभोवती केसासारखी बारीक कुसं असतात, आणि कळी फुटली तरी त्याच ठिपक्यातून फुटते. हात लावताना भीती मोठ्या काट्यांची बाळगू नका, कुसांची बाळगा. त्यांना उलटे दाते असतात, म्हणून कातडीत शिरली की सुटत नाहीत. चिकटपट्टी दाबून लावायची आणि ओढून काढायची, नखानं उकरायचं नाही.

तीनधारी निवडुंगाच्या धारेवर काटे जोडीजोडीनं असतात आणि बुडाशी लोकर नसते. टोचलं तर पांढरा चीक येतो. फक्त चिकावर निर्णय देऊ नये, कारण मॅमिलेरिया नावाच्या गोल कॅक्टसांपैकी काहींनाही दुधासारखा चीक असतो. लोकर आहे की नाही ते आधी बघावं, चीक नंतर. शेराचा किंवा निवडुंगाचा चीक डोळ्यात गेला तर तो विषय गंभीर आहे. वाहत्या स्वच्छ पाण्यानं १५-२० मिनिटं डोळा धुवायचा आणि थेट डॉक्टरकडे जायचं. कुंपण छाटताना डोळ्यांना चष्मा हवाच.

सगळे कॅक्टस मूळ अमेरिका खंडांतले. एकच जात, ऱ्हिप्सालिस बॅक्सिफेरा, आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही आपसूक आढळते. म्हणजे आपल्या माळावरचा फड्या निवडुंगसुद्धा पाहुणाच. तो आवरला गेला त्याची हकिकत शेतकऱ्यांना आवडेल अशी आहे. तांबड्या रंगासाठी उपयोगी किडा समजून १७९५ मध्ये भारतात डॅक्टिलोपियस जातीचा एक किडा आणला गेला, तो निघाला भलताच. रंग मिळाला नाही, पण त्यानं निवडुंगाची एक जात फस्त केली. दुसऱ्या जातीसाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून त्याचा भाऊबंद आणला. जगात तणावर किडा सोडून यश आल्याचं हे पहिल्या काही उदाहरणांपैकी एक आहे. फडीवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले आणि ते चिरडल्यावर बोटं किरमिजी झाली, तर तो हाच किडा. संग्रहातल्या ओपन्शियावर, म्हणजे फड्या निवडुंगाच्या जातभाईंवर, तो आला तर मात्र कौतुक करत बसू नये.

उलट, ज्याला कोणी कॅक्टस म्हणत नाही ते झाड कॅक्टस आहे. परसात किंवा जिन्याखाली ठेवलेलं, श्रावणात रात्री पांढरं फुलणारं ब्रह्मकमळ म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. त्याच्या चपट्या फांदीच्या खाचांत बारीक अरिओल असतात, कळी तिथूनच येते. हा जंगलात झाडांच्या खोडांवर वाढणारा कॅक्टस. त्याला झळझळीत ऊन नको, खत जास्त हवं, आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोनदा पाणीही चालतं. यापुढं जे काही कोरडेपणाबद्दल लिहिलं आहे ते त्याला लागू करू नका.

कोरफड आणि घायपात यांची गफलत नेहमीची. कोरफडीचं पान मोडलं तर गर निघतो, घायपाताचं मोडू गेलं तर दोरखंडाचे धागे निघतात आणि टोकाला दाभणासारखा काटा असतो. कोरफड दरवर्षी फुलते, घायपात आयुष्यात एकदाच उंच दांडा काढून मरतो, मागं पिल्लं सोडतो. 'जेड' म्हणून आपल्याकडे विकलं जाणारं बारीक पानांचं, तांबूस खोडाचं झाड बहुतेक वेळा पोर्टुलाकॅरिया आफ्रा असतं. खरा जेड, क्रासुला ओव्हाटा, त्याची पानं अंगठ्याएवढी जाड आणि तुळतुळीत. क्रासुलाचं एक पान मातीवर टाकलं तरी रुजतं, पोर्टुलाकॅरियाची फांदीच लावावी लागते.

फूल आलं की ओळख पक्की होते, म्हणून फुलाचा जवळून फोटो काढून ठेवावा. कलांचोला पाकळ्या चार, क्रासुलाला पाच पाकळ्या आणि पुंकेसरही पाचच, एचेव्हेरियाला पाच पाकळ्या पण पुंकेसर दहा. गोल कॅक्टसांत मॅमिलेरियाच्या अंगावर धारा नसतात, सुटे उंचवटे असतात, आणि फुलं डोक्याभोवती कड्यासारखी, उंचवट्यांच्या मधल्या बेचक्यातून येतात. जिम्नोकॅलिसियमच्या प्रत्येक अरिओलखाली हनुवटीसारखा फुगवटा असतो आणि कळीवर खवले असतात, केस अजिबात नाहीत. एकिनॉप्सिसची लांब नळीची कळी केसाळ असते. या तीन गोष्टी कळल्या तरी नर्सरीतल्या निम्म्या गोल कुंड्यांवरची नावं तुमची तुम्हाला घालता येतील.

मातीचा हिशेब घमेल्यात

झाडापेक्षा मातीवर जास्त वेळ घालवावा लागतो, हे आधीच सांगितलेलं बरं. खानापूर, बेळगाव आणि पश्चिमेकडच्या गावांसाठी ५ घमेली खडा, ३ घमेली जाड वाळू आणि २ घमेली पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत. निपाणी-चिकोडीकडे खडा ४, वाळू ३, खत ३. अथणी, रायबाग, सौंदत्ती, रामदुर्गकडे खडा ३, वाळू ३, खत ३ आणि १ घमेलं चाळलेली तांबडी माती. खडा म्हणजे ३ ते ६ मिलिमीटरचे कण. दोन जाळ्या हव्यात. मोठ्या भोकाच्या जाळीवर राहिलेले ढेप काढून टाकायचे आणि खिडकीच्या मच्छरजाळीतून पडेल ती धूळ सगळी फेकायची. बहुतेकांचा कंटाळा या धुळीपाशी सुरू होतो आणि झाडं मरतात तीही तिच्यामुळेच. धूळ पाण्याबरोबर खाली जाऊन तळाशी चिखल करते.

खडा कशाचा? आपल्याकडे सगळ्यांत उत्तम आणि फुकट माल म्हणजे जुन्या मंगलोरी कौलांचे तुकडे. पक्की भाजलेली माती, अंगात बारीक छिद्रं, आणि वर्षानुवर्षं विरघळत नाही. विटा घ्यायच्या तर पक्क्या भाजलेल्याच, टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणाऱ्या. कच्ची वीट दोन पावसाळ्यांत पुन्हा माती होते. जांभ्याचा कठीण खडा चालतो, बोटानं चुरा होणारा नको. बॉयलरमधून निघालेला दगडी कोळशाचा सिंडर, म्हणजे जळून उरलेला खडा, मिळाला तर तीन-चार वेळा धुऊन आणि एक पावसाळा उघड्यावर ठेवून मग वापरावा.

उद्यमबागच्या फाउंड्र्यांतून टाकून दिलेली काळी वाळू मात्र कितीही स्वस्त पडली तरी नको. साच्यासाठी तिच्यात बेंटोनाइटची चिकणमाती आणि कोळशाची भुकटी मिसळलेली असते, काही वाळूत रेझिनही असतो. बेंटोनाइट पाणी पिऊन फुगतो, म्हणजे आपल्याला जे टाळायचं तेच. क्रशरची एम-सँड वापरायची तर निवळ पाणी येईपर्यंत धुवायची, तिच्यात दगडाची पूड भरपूर असते. साखर कारखान्यांची मळी (प्रेसमड) उसाला चांगली, कुंडीत ती ओल धरून बसते. काळ्या मातीचा तर विचारच नको, ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळून मुळं तोडते.

कोकोपीटबद्दल, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाबद्दल, थोडं जास्त सांगायला हवं, कारण नर्सरीतली जवळजवळ सगळी रोपं त्यातच येतात. हिरव्या शेडखाली, रोज मोजून पाणी देणाऱ्या नर्सरीत ते ठीक चालतं. आपल्या हाती आल्यावर ते एकतर आठवडाभर ओलं राहतं किंवा पूर्ण वाळल्यावर पाणी आत घेतच नाही, कडेनं खाली निघून जातं. आणलेलं रोप म्हणून पहिल्या आठवड्यातच सोडवावं. गड्डा हलक्या हातानं मोकळा करायचा, मुळांमधलं कोकोपीट पाण्याच्या बारीक धारेनं धुऊन काढायचं, तुटकी आणि काळी पडलेली मुळं कापायची आणि रोप सावलीत कागदावर ५ ते ७ दिवस आडवं ठेवायचं. या दिवसांत मुळांच्या जखमा भरतात. मग कोरड्या मातीत लावून आणखी एक आठवडा पाणी घालायचं नाही. पावसाळ्यात आणलेलं रोप असेल तर हा सुकवायचा काळ दुप्पट धरावा आणि पंखा लावावा.

कुंडी झाडापेक्षा सभोवार बोटभरच रुंद असावी, त्याहून मोठी नको. मोठ्या कुंडीतल्या ज्या मातीत मुळं पोचलेली नसतात तिथली ओल कोणी ओढत नाही. खानापुरात मातीची कुंडी, अथणीत प्लॅस्टिकची, असा ढोबळ नियम धरायला हरकत नाही. मातीची कुंडी अंगातून पाणी उडवते, तेच एका ठिकाणी हवं असतं आणि दुसऱ्या ठिकाणी नको असतं. तळाशी खडीचा थर घालायची जुनी सवय सोडून द्यावी. पाणी बारीक मातीतून खडीत सहज उतरत नाही, थराच्या वर अडून बसतं. म्हणजे ओला भाग मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेवून तळापासून एकच मिश्रण भरावं. वर मात्र सेंटिमीटरभर खडा पसरावा, झाडाची मान कोरडी राहते आणि पाऊस उडून चिखल अंगावर बसत नाही.

भरून झालं की एक परीक्षा घ्यायची. रिकाम्या चार इंची कुंडीत हे मिश्रण भरून वरून तांब्याभर पाणी ओतायचं. पाणी वर न साचता काही सेकंदांतच खालून वाहायला लागलं पाहिजे. साचलं, तर खडा वाढवा किंवा पुन्हा चाळा.

नक्षत्रं, छप्पर आणि ऊन

आपल्याकडे पावसाचा हिशेब नक्षत्रांनी ठेवला जातो, तोच इथं कामी येतो. मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आधी, छप्पर तयार हवं. आर्द्रा ते आश्लेषा, साधारण २१ जून ते १५ ऑगस्ट, पश्चिमेकडच्या तालुक्यांत गोल कॅक्टसांना पाणी बंद. हवेतच इतकी ओल असते की ती सुरकुतत नाहीत. सुरकुतलीच तरी उत्तरा नक्षत्रात भरून येतात. फार लहान रोपांना पंधरवड्यातून एकदा, उघडीप बघून, सकाळी थोडं. पूर्वेकडे तेवढ्याच काळात दहा-बारा दिवसांनी पाणी चालतं. उत्तरा-हस्तापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत वाढीचा चांगला काळ असतो, तेव्हा कुंडी वाळली की दोन दिवस थांबून भरपूर पाणी घालायचं. डिसेंबर-जानेवारीत पुन्हा हात आखडता, महिन्यातून एक-दोनदा. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत दुसरी वाढ, आणि बऱ्याच कॅक्टसांची फुलं याच काळात.

वळवाच्या पावसाचं वेगळं भान ठेवावं लागतं. एप्रिल-मेमध्ये दुपारभर तापलेल्या कुंडीवर संध्याकाळी सरी कोसळतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कडक ऊन. कुंडीतलं कोमट पाणी आणि वर उष्ण दमट हवा, यात एका दिवसात झाडं मऊ पडतात. गाराही याच पावसात येतात, एका गारेचा डाग कॅक्टसच्या अंगावरून कधीच जात नाही.

छप्पर म्हणजे २०० मायक्रॉनचा अतिनील किरणांना टिकणारा पारदर्शक पॉलिथीन कागद, एका बाजूला पुरेसा उतार देऊन. चारी बाजू उघड्या ठेवायच्या. घाटाकडून येणारा तिरका पाऊस अडवायला पश्चिमेच्या बाजूला कागद दोन फूट खाली सोडावा, बाकी बाजूंना नाही. पत्र्याखाली ठेवलेली झाडं जगतात, पण उजेडाअभावी बोटासारखी लांबट आणि फिकी होतात. तो आकार पुढं कधी दुरुस्त होत नाही.

बेळगाव सुमारे १५.९ उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून सूर्य मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बरोबर डोक्यावर येतो. ऑगस्टात ढग असतात, मेमध्ये नसतात. मार्च ते मे ३५ ते ५० टक्के सावलीची जाळी लागते. हॉवर्थिया, गॅस्टेरिया आणि जिम्नोकॅलिसियम यांना जाळी वर्षभर चालते. सोनेरी एकिनोकॅक्टस, फेरोकॅक्टस, अडेनियम यांना उन्हाची सवय झाली की जाळी नको. मात्र सवय हळूहळू लावायची. जुलै-ऑगस्टभर ढगाळ उजेडात राहिलेलं झाड सप्टेंबरच्या पहिल्या कडक उन्हात भाजून निघतं, दक्षिण-पश्चिमेच्या बाजूला पांढरट-पिवळा चट्टा पडतो. गणपतीनंतर पंधरा दिवस जाळी राहू द्यावी.

पूर्वेकडे बोअरचं पाणी जड असतं. झाडाच्या बुडाशी आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो, माती अल्कधर्मी होते, नवी वाढ पिवळी पडते. पावसाचं पाणी पिंपात साठवून वापरणं सगळ्यांत चांगलं. ते संपलं की ५ लिटर बोअरच्या पाण्यात १ ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून घालावं. खताचं म्हणाल तर उसाला युरिया टाकणाऱ्या हाताला इथं आवर घालावा लागतो. जास्त नत्रानं कॅक्टस फुगतो, मऊ पडतो, कधी उभा चिरतो. १९:१९:१९ हे विद्राव्य खत अर्धा ग्रॅम एक लिटर पाण्यात, महिन्यातून एकदा, तेही वाढीच्या काळात, यापेक्षा जास्त लागत नाही.

कूज लागली तर

बुडाशी रंग बदललेला, बोटानं दाबल्यावर आत जाणारा भाग दिसला की त्याच दिवशी कापायला बसावं. 'बघू उद्या' म्हटलं की रोग वर चढतो. धारदार सुरी स्पिरिटनं पुसायची आणि मऊ भागाच्या वर आडवा छेद घ्यायचा. कापलेल्या भागाच्या मधोमध एक कडं दिसतं, ते म्हणजे अन्नपाणी वाहणाऱ्या नलिकांचं. सगळा गाभा फिका हिरवा किंवा पांढरा दिसला तरी त्या कड्यात नारिंगी किंवा तपकिरी ठिपके असतील तर रोग आणखी वर गेलेला आहे. पुन्हा सुरी पुसून आणखी वर छेद. कडं पूर्ण स्वच्छ होईपर्यंत हे चालू ठेवायचं, मग शेवटी टोकाचे दोन इंच उरले तरी हरकत नाही. दर छेदाला सुरी पुसली नाही तर आपणच रोग वर नेतो.

स्वच्छ छेदावर गंधकाची पूड चोळायची, कडेची साल पेन्सिलीला टोक करतात तशी तिरकी तासायची, म्हणजे मुळं मधल्या कड्यातून खाली येतात. लहान तुकडा ७ ते १० दिवस, मनगटाएवढा जाड असेल तर तीन-चार आठवडे, सावलीत आणि उभा सुकवायचा. आडवा ठेवला तर वाकतो. नंतर कोरड्या खड्यावर नुसता टेकवून ठेवायचा. तीन ते सहा आठवड्यांत मुळं दिसली की पहिलं पाणी. तीनधारी निवडुंगासारख्या चिकाच्या झाडांचा छेद आधी पाण्यानं धुऊन चीक थांबवायचा, मग हीच पद्धत.

किडींत पिठ्या ढेकूण सगळ्यांत त्रासदायक. अथणीकडच्या द्राक्षबागायतदारांना तो नव्यानं ओळखून द्यायला नको. वरचा दिसतो, तो ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं टिपून काढता येतो. मुळांवरचा दिसत नाही. कारण नसताना झाड वाढायचं थांबलं आणि कुंडीभोवती मुंग्या फिरताना दिसल्या, तर झाड उपसून बघा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या अंगाला पांढरी भुकटी असेल तर सगळी माती फेकायची, मुळं धुवायची, कुंडी उकळत्या पाण्यानं धुवायची, आणि नव्या मातीत लावल्यावर दोन आठवड्यांनी इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के, अर्धा मिलिलिटर एका लिटर पाण्यात, मुळांशी घालायचं. हातमोजे घालून. फुलावर असलेल्या झाडाला नको, मधमाश्या येतात.

कॅक्टसच्या शेंड्याजवळ गंजल्यासारखा खरखरीत तपकिरी पापुद्रा दिसला तर लाल कोळी आहे. कोरड्या उन्हाळ्यात, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात तो हमखास येतो. पाण्यात मिसळणारं गंधक २ ग्रॅम लिटरला, संध्याकाळी, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल त्या दिवसांत नको, नाहीतर औषधानंच साल भाजते. पापुद्रा मात्र कायमचा राहतो. खोडाच्या बुडाशी वय झाल्यावर येणारा लाकडासारखा कडक भाग वेगळा, तो रोग नाही. दाबून पाहा, कडक असेल तर सोडून द्या.

बी आणि नावं

विकत आणलेल्या दहा झाडांपेक्षा बियांपासून केलेलं एक झाड आपल्या हवेला जास्त सरावलेलं असतं. फेब्रुवारी-मार्च किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर ही पेरणीची वेळ. बारीक चाळलेला खडा आणि खत समप्रमाणात, कुकरमध्ये २० मिनिटं वाफवून गार केलेलं. दोन इंची स्वच्छ कुंडी, उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून खालून भिजवायची. बी वर पसरायचं, झाकायचं नाही. कुंडी झिप पिशवीत बंद करून, २५ ते ३० अंशांत, थेट ऊन नसलेल्या उजेडात ठेवायची. ॲस्ट्रोफायटम दोन-तीन दिवसांतच फुटतो, मॅमिलेरिया आठवड्या-दोन आठवड्यांत. पिशवी एक-दोन महिने बंदच असू द्यावी आणि पुढं रोज थोडी-थोडी उघडावी. रोपं तांबडी झाली तर उजेड जास्त होतोय, दोऱ्यासारखी लांबली तर कमी पडतोय.

घरचं बी धरायचं तर बऱ्याच कॅक्टसांना आपलाच पराग चालत नाही. त्याच जातीची, वेगळ्या बियांपासून झालेली दोन झाडं एकाच वेळी फुलावर हवीत. एकाच झाडाच्या दोन फांद्या वेगळ्या कुंडीत असल्या तरी ते एकच झाड.

संग्रहात झाडाइतकंच महत्त्व पाटीला आहे. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्यानं कोरलेलं नाव टिकतं, मार्करचं एका उन्हाळ्यात उडतं. पाटीवर कूळ, जात, कुठून आणलं आणि महिना-वर्ष असावं. क्षेत्रीय क्रमांक (बी मुळात कुठून गोळा केलं ते सांगणारा क्रमांक) असलेलं बी मिळालं तर तो क्रमांक अक्षर न चुकवता उतरवा, कारण तो हरवला की झाडाचं मूळ ठिकाण हरवलं. शंका असेल तिथं प्रश्नचिन्ह लिहा. चुकीच्या नावापेक्षा ते बरं. जुनी नावं बदलतात याचीही सवय ठेवावी, सगळ्यांच्या ओळखीचा सोनेरी एकिनोकॅक्टस ग्रुसोनी आता क्रोएनलायनिया ग्रुसोनी या नावानंही दिसतो.

माळावरून आणलेलं झाड संग्रहात नको. गोकाक-सौंदत्तीकडच्या खडकाळ जमिनीत कॅरालुमा, म्हणजे माकडशिंग, झुडपांच्या आधारानं वाढतं. उपटलेलं मोठं झाड कुंडीत बहुतेकदा टिकत नाही, आणि बोटभर फांदी तोडली तरी ती आठवड्यानं सुकवून लावल्यावर सहज रुजते. सह्याद्रीच्या मोजक्या किल्ल्यांच्या कड्यांवर राहणारी शिंदळ माकुडी तर पावसाळ्यात पानं धरणारं आणि उन्हाळ्यात टाकणारं दुर्मीळ झाड आहे. ती फांदीपासून वाढवलेली रोपंच घ्यावीत. परदेशी झाडांचाही कायदा आहे. बहुतेक सगळं कॅक्टस कूळ साइट्स या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, आणि एरिओकार्पस, ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियास यांसारखे काही पहिल्या परिशिष्टात येतात. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि या कराराच्या तरतुदी देशाच्या कायद्यात आल्या. बाहेरदेशातून पेरायला बी मागवायचं तरी आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं.

विकत घेताना रंगाला भुलू नये. लाल-पिवळ्या गोळ्याचा 'मून कॅक्टस' हा हरितद्रव्य नसलेला जिम्नोकॅलिसियम असतो, ड्रॅगन फ्रूटच्या खुंटावर कलम केलेला, आणि खुंट थकला की तोही संपतो. निळे-जांभळे काटे रंगवलेले असतात. डोक्यावरचं सुकं फूल गरम गोंदानं चिकटवलेलं असतं. शेंडा त्या गोंदाखाली गुदमरतो. डाकेनं मागवायचं तर दसऱ्यानंतर ते माघापर्यंत, मुळं उघडी ठेवून कागदात गुंडाळलेलं. आलेलं कुठलंही नवं झाड महिनाभर बाकीच्यांपासून दहा फूट लांब ठेवा. पिठ्या ढेकूण असेल तर तेवढ्यात वर येतोच.